देवांच्या नाटकात गुपित केव्हा फोडावं?

विचारलेलं थोडक्यात असं: दोन अंकी नाटक लिहून झालं आहे. गावाच्या तळ्यात एक जलदेवता आहे. तिचा मुलगा माणसांत वाढला आहे, आपली आई कोण हे त्याला ठाऊक नाही. दुष्काळात खालची वाडी पाण्यावाचून मरायला टेकते. बांध फोडला तर वाडी वाचते, पण तळं रितं होतं आणि देवता संपते. मुलगा बांध फोडतो आणि मग त्याला कळतं की ती आई होती. इथं पडदा. वाचनानंतर दोन आक्षेप आले. एक, शेवट पहिल्या अंकातच ओळखू आला. दुसरा, ती देवता आहे तर पाऊस का पाडत नाही? आता काय दुरुस्त करू?

पहिल्या आक्षेपाची काळजी सोडून द्या. दुसरा मात्र गंभीर आहे. आणि दोन्ही आक्षेप ज्या खऱ्या अडचणीतून आले आहेत, ती कोणी बोलूनच दाखवली नाही: तुमच्या मुलाला सत्य कळतं तेव्हा त्याच्या हातात करण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

मी गेली सव्वीस वर्षं नाटकं बसवतो आहे. त्यातली निम्मी तरी पुराणातली. लहानपणी जत्रेतले दशावतार रात्रभर जागून पाहिले आणि तिथं जे मनात बसलं तेच पुढं कामाला आलं. समोर घोंगडी टाकून बसलेल्या आजीला जालंदर-वृंदेची कथा पाठ असते. दारात आलेला हा जालंदर वृंदेचा खरा नवरा नाही, त्याचं रूप घेतलेला विष्णू आहे, हे तिला वृंदेच्या आधी माहीत असतं. तरी वृंदा आनंदानं पुढं धावली की आजीचा हात तोंडावर जातो. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हा धनुष्य कोण मोडणार याची उत्सुकता म्हणून कोणी आलं नव्हतं. देवादिकांच्या नाटकात गुपित प्रेक्षकापासून लपवायचं नसतंच. ते पात्रापासून लपलेलं असतं आणि प्रेक्षक श्वास धरून बसतो तो ‘याला कळलं की हा काय करील’ यासाठी. तेव्हा शेवट ओळखला गेला, तर जाऊ द्या. उलट पहिल्या प्रवेशातच सांगून टाकता येईल का, ते बघा.

कालिदासानं हेच केलं. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत ना शाप आहे, ना अंगठी. तिथला दुष्यंत तिला ओळखून नाकारतो, लोकांनी काय म्हटलं असतं म्हणून. कालिदासानं दुर्वासाचा शाप आणला आणि तो कुठं ठेवला? चौथ्या अंकाच्या तोंडाशी, दोन सख्या फुलं वेचत असताना, पडद्यामागच्या आवाजात. अनसूया-प्रियंवदेला कळतं, आपल्याला कळतं, शकुंतलेला नाही. तिचा जीव कोमल आहे, तिला सांगायचं नाही, असं सख्या ठरवतात. त्यानंतर चौथ्या अंकातली प्रत्येक पाठवणी, प्रत्येक आशीर्वाद आपल्याला टोचत राहतो. आणि पाचव्या अंकात दुष्यंत तिला नाकारतो तेव्हा तो खलनायक वाटत नाही. परक्याच्या बायकोला हात कसा लावू, या धर्मभीतीनं तो मागं सरतो आहे. त्याचंही बरोबर, तिचंही बरोबर. 1880 साली पुण्यात किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ मराठीत आणलं आणि आपली संगीत रंगभूमी या नाटकावर उभी राहिली. त्या प्रेक्षकांतल्या कितीजणांना अंगठी सापडणार हे माहीत नसेल?

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो. त्यासाठी कर्णाकडे जायला हवं, कारण एकच गुपित तीन वेगवेगळ्या वेळी फुटलं तर काय काय होतं, हे त्याच्या कथेत एका जागी सापडतं.

पहिल्यांदा ते कृष्ण फोडतो. शिष्टाई फसली आहे, हस्तिनापुराहून निघताना तो कर्णाला रथात घेतो आणि सांगतो: तू कुंतीचा, पांडवांचा थोरला, चल, राज्य तुझं. युद्ध अजून झालेलं नाही. सगळं बदलता येईल अशी ही वेळ आहे. कर्ण म्हणतो, मला हे माहीत आहे. मग तो नाही म्हणतो. सूताच्या घरानं मला वाढवलं, राधेच्या मायेला मी कसा विसरू, दुर्योधनानं माझ्या भरवशावर हे युद्ध मांडलं आहे. आणि शेवटी कृष्णालाच विनवतो की हे युधिष्ठिराला सांगू नकोस. त्याला कळलं तर तो राज्य घेणार नाही, मला देईल, आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. म्हणजे गुपित फुटलं, त्यातून एक निवड झाली आणि त्या निवडीतून नवं गुपित तयार झालं. नाटककाराला यापेक्षा जास्त काय हवं असतं?

दुसऱ्यांदा कुंती सांगते. हा प्रवेश मी दोनदा बसवला आणि पहिल्यांदा पार चुकलो. माझा कर्ण ‘तू माझा मुलगा’ हे ऐकून दचकायचा, दोन पावलं मागं जायचा, हार्मोनियम चढायची. तालमीत सगळे खूश. प्रयोगात मात्र तिथं काहीच घडेना. मग मूळ पुन्हा वाचलं आणि लाज वाटली. कर्णाला तर आधीच माहीत आहे! तो दचकेल कशाला? व्यासांनी तिथं काय दाखवलं आहे ते पाहा. गंगेच्या काठावर कर्ण हात वर करून जप करतो आहे. कुंती उन्हानं कोमेजून, काही न बोलता, त्याच्या मागं त्याच्याच उत्तरीयाच्या सावलीत उभी आहे. ऊन पाठीवर येईपर्यंत त्याचा जप चालतो. मग तो वळतो, तिला पाहतो, हात जोडतो आणि ओळख सांगतो: मी राधेचा, अधिरथाचा मुलगा कर्ण. माहीत असून सांगतो. आणि ती म्हणते, तू कौंतेय आहेस, राधेय नाहीस.

दुसऱ्या वेळी आम्ही संगीत काढलं, दचकणं काढलं. एकच दिवा बाजूनं लावला. कर्णाच्या हातावरून लोंबणाऱ्या उपरण्याची सावली कुंतीच्या चेहऱ्यावर पडेल अशी तिला उभी केली. तो हात खाली घेतो तेव्हा सावली सरकते आणि उजेड तिच्या डोळ्यांत जातो. ती डोळे मिचकावते. एवढंच. जन्मभर त्याला सावली न दिलेली बाई त्याच्या सावलीत उभी राहून मागायला आली आहे, हे सांगायला वाक्य लागलंच नाही. ‘मी राधेचा मुलगा’ हे त्यानं शांतपणे म्हटलं की पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत खोकला थांबायचा. त्या वाक्यातच त्याचा निर्णय झालेला होता.

तिसऱ्यांदा ते फुटतं युद्ध संपल्यावर. मेलेल्यांना पाणी देताना कुंती मुलांना सांगते, त्यालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. तुमच्या नाटकातला उलगडा या जातीचा आहे: हातून घडून गेल्यावरचा. तो चुकीचा नाही, पण त्याचा खर्च फार मोठा असतो. युधिष्ठिराला कळलं आणि व्यासांनी पडदा पाडला, असं झालं नाही. तिथून शांतिपर्व सुरू होतं, जिंकलेलं राज्य नको म्हणणारा राजा समोर येतो, आणि त्याला सिंहासनावर बसवायला सगळ्यांना जीव काढावा लागतो. करून झाल्यावर कळणार असेल, तर तो कळल्यानंतर कसा जगतो ते दाखवावं लागतं. तुम्ही नेमकं तिथंच दिवे मालवता. प्रेक्षकाला धक्का बसतो आणि धक्का टाळी वाजेपर्यंत टिकतो.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. उलगडा पहिल्या अंकाच्या शेवटी घ्या. मुलाच्या हातात कुदळ आहे, बांध अजून शाबूत आहे, वाडीतली पोरं रडताहेत आणि आता त्याला माहीत आहे. दुसरा अंक आपोआप उभा राहील, कारण आता त्याला आठ-दहा माणसांसमोर जाऊन काहीतरी म्हणावं लागेल, आणि कोणाला सांगायचं, कोणाला नाही, हे ठरवावं लागेल.

मुलाला इतक्या लवकर सांगायचं नसेल, तर मधली वाट आहे. दुसऱ्या कोणाला तरी कळू द्या. त्याच्या बायकोला कळलं तर? तिचं बाळ वाडीतल्या इतर बाळांसारखंच तहानलेलं आहे. नवऱ्याला सांगितलं तर तो कुदळ टाकील. नाही सांगितलं तर आयुष्यभर त्याच्या शेजारी झोपताना ते पोटात ठेवावं लागेल. शकुंतलेच्या सख्यांचं गप्प राहणं मायेतून आलेलं होतं, हिचं गप्प राहणं गरजेतून येईल. मला विचाराल तर तुमच्या नाटकाचं केंद्र कदाचित हीच बाई आहे, पण ते तुम्ही ठरवा.

आता दुसरा आक्षेप. देवता आहे तर पाऊस का पाडत नाही?

‘तिची शक्ती क्षीण झाली आहे’ असं तुम्ही एका संवादात म्हटलं आहे. ते काढून टाका. असली वाक्यं प्रेक्षकाला पळवाट वाटतात. आपल्या पुराणांनी या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी शोधून ठेवलं आहे आणि ते तीन शब्दांत आहे: वर, शाप, वचन. देव सर्वशक्तिमान असतो, पण दिलेल्या शब्दाबाहेर जाऊ शकत नाही. हिरण्यकशिपूला वर देऊन बसल्यावर उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला, नखांनीच मारावं लागतं. वराची अट आधी सांगितलेली असते, म्हणून तो खांब फुटतो तेव्हा आपल्याला फसवल्यासारखं वाटत नाही. तुमच्या देवतेनं काय शब्द दिला आहे, कोणाला आणि कशाच्या मोबदल्यात? समजा मुलाला माणसांत वाढू द्यावं म्हणून तिनं आभाळावरचा हक्क सोडला. मग तिला पाऊस पाडता येत नाही याचं कारण तो मुलगाच आहे. हे पहिल्या दहा मिनिटांत सांगा, शक्य तर गाण्यातून, सहज. पुढं आयत्या वेळी नवा नियम आणू नका. एकदा जरी आणलात तरी नंतरच्या कुठल्याच संकटावर प्रेक्षक विश्वास ठेवणार नाही.

नियम बांधला की संघर्ष येतोच असं मात्र नाही. तो येतो दोन्ही बाजू खऱ्या असल्यावर. वामन आणि बळी घ्या. तीन पावलं मागणारा हा बटू विष्णू आहे हे शुक्राचार्य बळीला दान सोडण्याच्या आधी सांगतात. उलगडा निवडीच्या आधी आहे, हे लक्षात घ्या. भागवतातले शुक्राचार्य युक्तिवादही कच्चा करत नाहीत. जीव आणि उपजीविका धोक्यात असताना खोटं बोललं तर ते निंद्य नाही, असं ते सांगतात. बळी ऐकतो, पटण्यासारखं आहे हेही त्याला कळतं, आणि तरी म्हणतो की शब्द दिला. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रयोगांत शुक्राचार्य कपटी, चिडका म्हातारा असतो. तसं केलं की बळीचा निर्णय सोपा होतो आणि प्रवेश मरतो. शुक्राचार्य ज्या दिवशी खरोखर शिष्यावर जीव असलेला गुरू म्हणून उभा राहतो, त्या दिवशी बळी मोठा होतो.

आणि आपला प्रेक्षक बळीच्या बाजूचा असतो, हे विसरून चालणार नाही. पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणत ओवाळणाऱ्या घरांतली माणसं समोर बसलेली असतात. ती वामनालाही हात जोडतात. एकाच मनात दोन्ही. तुम्ही त्यांना कोणतीही एक बाजू घ्यायला लावू नका, ती ओढाताण त्यांच्याजवळ आधीच आहे. तुम्ही फक्त तिला जागा द्या.

यातलं आणखी एक: देवानं अन्याय केला तर त्याची किंमत देवानंही मोजली पाहिजे. बळीला सुतळात ढकलणारा विष्णू पुढं त्याच बळीच्या दारात पहारेकरी होऊन उभा राहतो. वृंदेला फसवणारा विष्णू तिचा शाप घेतो, शाळिग्राम होतो, आणि दर कार्तिकात आपल्या अंगणात त्याचं तिच्याशी लग्न लागतं. जग वाचवायला फसवावं लागलं हे कथा नाकारत नाही, पण फसवणूक होती हेही झाकत नाही. वृंदेचा प्रवेश लिहिताना ‘देवाची लीला’ म्हणून हात झटकले तर तो प्रवेश बाईच्या दुःखाचा अपमान होतो. तिला बोलू द्या. विष्णूनं मान खाली घालून ऐकलं तरी पुरे.

कपटी देवाच्या मनात काय चाललं असेल, हे पाहायचं तर भासाचं ‘कर्णभार’ वाचा. एका अंकाचं नाटक, तासाभरात वाचून होतं. भासाची नाटकं शतकानुशतकं हरवलेली होती, 1912 पासून त्रिवेंद्रमला छापून आली. युद्धावर निघालेल्या कर्णापुढं इंद्र ब्राह्मण होऊन येतो. कर्ण नमस्कार करतो. आता आशीर्वाद द्यायला हवा, आणि इथं इंद्र अडकतो. ‘दीर्घायू हो’ म्हणावं तर देवाचा शब्द, खराच होईल, कर्ण मरणार नाही. काहीच न बोलावं तर हा मला मूर्ख समजेल. शेवटी तो म्हणतो, सूर्यासारखी, चंद्रासारखी, हिमालयासारखी, सागरासारखी तुझी कीर्ती राहो. आयुष्य सोडून सगळं दिलं. देवाचं सामर्थ्य, त्याचं कपट आणि त्याची अडचण, सगळं एका आशीर्वादात दिसतं. तुमच्या जलदेवतेला असा एक आशीर्वाद शोधून द्या: जो ती देऊ शकत नाही आणि ज्याच्या शेजारचा काहीतरी शब्द तिला घ्यावा लागतो.

पुढं कर्ण गायी देऊ करतो, घोडे, हत्ती, सोनं, पृथ्वी, स्वतःचं मस्तकसुद्धा. ब्राह्मणाला काहीच नको. कवचकुंडलांचं नाव निघताच तो हरखून ‘दे, दे’ म्हणतो, आणि कर्णाच्या मनात पाल चुकचुकते की ही कृष्णाची तर चाल नसेल? तरी देतो. मागाहून शल्य सांगतो, तुला फसवलं. कोणी? इंद्रानं. कर्णाचं उत्तर: नाही, मीच इंद्राला फसवलं. महाभारतात सूर्य कर्णाला स्वप्नात आधीच सावध करतो. भासानं ते काढलं, कारण त्याला हे शेवटचं वाक्य हवं होतं. इथंही गुपित उशिरा फुटतं, पण कर्ण त्या उलगड्याचा अर्थ स्वतःच्या हातानं फिरवतो. फसवलेला माणूस देणारा होतो आणि देव मागणारा. उशिराचा उलगडा ठेवायचाच असेल तर तुमच्या मुलाकडे असं काहीतरी असलं पाहिजे. नुसतं ‘आई!’ म्हणून गुडघ्यावर बसणं पुरणार नाही.

खुणा पेरण्याबद्दल थोडंसं. तुम्ही पहिल्या अंकात चार वेळा ‘याच्या अंगाला तळ्याचा वास येतो’ असं वेगवेगळ्या तोंडून म्हणवलं आहे. एकदा पुरे. शांतिपर्वाच्या सुरुवातीला युधिष्ठिर सांगतो की द्यूतसभेत कर्णाचे शब्द ऐकून मी पेटलो होतो, पण त्याचे पाय पाहिले आणि राग उतरला. ते पाय कुंतीच्या पायांसारखे वाटले, का ते मात्र उमगेना. खूण अशी असते. पाहणाऱ्यानं ती पाहिलेली असते, तिनं त्याच्या वागण्यात त्या क्षणी फरक पडलेला असतो, आणि अर्थ वर्षांनी लागतो. तुमच्या मुलानं तळ्यात कधी थुंकू नये, इतरांनी थुंकलं की त्यानं तोंड फिरवावं, त्याला स्वतःलाही कारण सांगता येऊ नये. संवादाची गरज नाही.

बांध फोडण्याच्या प्रवेशाचं सांगतो आणि थांबतो. आत्ता तिथं वीज कडाडते, देवता जळातून वर येते आणि सव्वा पान बोलते. वीज नको. मुलाला सगळं माहीत आहे असं धरून लिहून पाहा. तो बांधावर येतो, कुदळ टेकवतो, वाकून ओंजळीनं पाणी पितो. आई वर येत नाही. त्यानं हाक मारायची की नाही, हे तुम्हालाही आधी ठरवता येणार नाही. नटाला तालमीत तीन-चार वेळा करून पाहू द्या, कधी हाक मारून, कधी न मारता. वाडीकडून एखाद्या पोराचं रडणं येऊ द्या, फार मोठं नाही. तो कुदळ उचलतो. पहिला घाव बसायच्या आधी तळ्यातून तिचा आवाज येतो आणि ती फक्त जागा दाखवते: तिथं नको, डावीकडं, तिथली माती मऊ आहे.

एवढं लिहून झालं की दुसरा खर्डा पाठवा. पहिला अंक कसाही असला तरी चालेल, बायकोचा प्रवेश मात्र पूर्ण लिहून पाठवा.